वैशालीचं पहिलं बाळंतपण

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मित्रांना नाही, आईला नाही, आणि वैशालीला, म्हणजे माझ्या बायकोला, तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसासमोर ही गोष्ट ओठांपर्यंत येते आणि मी भलतंच काहीतरी बोलून मोकळा होतो — पाऊसपाणी, गावाकडची ख्यालीखुशाली, काहीही.

सुरुवात वैशालीपासून करतो. तिच्याबद्दल बोलायला लागलो की मला जरा धीर येतो.

लग्न झालं तेव्हा मी शेंद्र्याच्या एका कारखान्यात स्टोअरला होतो. मुकुंदवाडीच्या पुढं, जिथं तेव्हा रोज एक नवीन प्लॉटिंग पडत होतं, तिथं दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. बिल्डिंगा भराभर वर चालल्या होत्या, पाणी मात्र टँकरचं. वैशाली वैजापूरची. तिचे वडील मार्केट यार्डात मापाडी, म्हणजे आलेल्या मालाचं वजन करणारे. सासऱ्यांना आमच्याकडं मामा म्हणतात, मीही म्हणायचो. वर्षाच्या आतच वैशालीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी — त्यात ठरवायचं काय असतं?

पण त्या साली पावसानं सलग दुसऱ्यांदा दगा दिला. यार्डात माल येईना, त्यामुळं मामांना काम मिळेना. वैजापुरात पंधरा-पंधरा दिवस नळाला पाणी नाही, आणि सासूबाईंचे गुडघे गेलेले. पाचव्या महिन्यात वैशाली चार दिवस माहेरी राहून आली आणि चप्पल काढता काढताच म्हणाली, “मी नाय जाणार तिकडं बाळंतपणाला. आईनं घागरी वाहायच्या का माझं न्हाणं करायचं?”

मग तिनं मला विचारलं, कंपनीचा विमा असतो ना तुमच्या? मी सांगितलं, आमच्या कंपनीत बायकांची नावं घेत नाहीत.

ती “बरं” म्हणाली. चिडली नाही, रुसली नाही. दुसऱ्या दिवसापासून कामाला लागली. मी असतो तर महिनाभर कपाळाला हात लावून बसलो असतो.

आधी तिनं कॉलनीतला विम्याचा एजंट गाठला. तो भला माणूस. त्यानं उगाच पॉलिसी गळ्यात मारली नाही. आता घेतली तरी हे बाळंतपण त्यात बसायचं नाही, दिवस गेल्यावर कुणी घेत नाही, आणि एरवीसुद्धा बाळंतपणासाठी काही वर्षं थांबावं लागतं, असं त्यानं स्वच्छ सांगितलं. वैशाली गंभीरपणे त्याला म्हणाली, “म्हंजे आधी तुमाला इचारून मग दिवस जायाला पायजे व्हते.” तो बिचारा इतका ओशाळला की त्यानं आम्हाला चहा पाजला.

मग तिनं तीन खासगी प्रसूतिगृहं पालथी घातली. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न — नॉर्मलचं किती, सिझरचं किती, आणि सिझर करायचं हे कोण ठरवणार? एक डॉक्टरीणबाई हसल्या, एक चिडल्या. तिसरीकडं रिसेप्शनवरच्या मुलीनं आवाज खाली करून सांगितलं, ताई, तुम्हाला नाही परवडणार, कशाला दर वेळी तपासणीची फी भरता? वैशालीनं तिचे आभार मानले. अगदी मनापासून. मी शेजारी उभा होतो आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. का झालं होतं, ते सांगतो. थांबा जरा.

खरी वाट तिला सापडली ती टँकरच्या रांगेत. तिथं बायकांना काय ठाऊक नसतं? कुणाचं बाळंतपण कुठं झालं, कुठं खेकसतात, कुठं मायेनं बघतात, कोणत्या सिस्टरच्या हाताला गुण आहे! हंडा पुढं सरकवत सरकवत ती सगळं विचारून घ्यायची. त्यातूनच तिला आरोग्य खात्यासाठी घरोघरी फिरणाऱ्या आशाताईंचा पत्ता लागला. त्या तिला महापालिकेच्या आरोग्य केंद्रात घेऊन गेल्या. नाव नोंदवलं, माता-बाल कार्ड मिळालं, रक्त तपासलं, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. महिन्यातून एका ठरलेल्या दिवशी मोठे डॉक्टर तपासायला येतात आणि पैसे पडत नाहीत, हेही तिनंच शोधलं. त्या दिवशी ती सकाळी सातला जाऊन बसायची. डोक्यावर ओला पंचा, हातात कार्ड. एप्रिलचं ऊन, वर सातवा महिना. चालून चालून पाय सुजायचे. घरी आली की बादलीतल्या अर्ध्या तांब्यानं ते पुसायची, कारण पूर्ण तांब्या तिला जड वाटायचा — वजनानं नव्हे हो, पाण्याच्या हिशेबानं.

आठव्या महिन्यात सूज उतरेना. केंद्रातल्या सिस्टरनी बीपी पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि म्हणाल्या, आजच्या आज मोठ्या सरकारी दवाखान्यात जा, घरी जाऊ नका. मला कारखान्यात फोन आला. मी पोचलो तोवर वैशाली आशाताईंबरोबर दाखल होऊन पलंगावर होती. डॉक्टर मला एवढंच म्हणाले, प्रेशर फार वाढलंय, दोघांनाही धोका आहे, आम्ही प्रयत्न करतोय.

दोघांनाही. हा शब्द ऐकून मी बाहेर येऊन बाकड्यावर बसलो. आता मला सांगायलाच हवं. अजून किती फिरवणार तुम्हाला?

आमची कंपनी बायकांची नावं घेत होती.

लग्न झाल्याबरोबर ऑफिसातल्या कारकुनानं मला फॉर्म दिला होता. बायकोचं नाव, फोटो, लग्नाचा दाखला — महिन्याच्या आत आणून द्या, म्हणजे पहिल्या दिवसापासून बाळंतपणही त्यात. महिना गेला तर पुढच्या वर्षी पॉलिसी नवी होईपर्यंत थांबावं लागेल. त्यानं दोनदा आठवण केली. मी दोन्ही वेळा हो म्हणालो आणि फॉर्म स्टोअरच्या खणात ठेवून दिला.

विसरलो होतो? नाही. विसरलो असतो तर आज इतकं सांगितलंच नसतं. आईनं अडवलं होतं? तेही नाही, आईला यातलं काही माहीत नव्हतं. तर — आमच्या लग्नात माझ्या धाकट्या काकांना टॉवेल-टोपीचा आहेर करायचा राहून गेला होता. मांडवात गर्दी, नजरचुकीनं राहिलं असेल. काका स्वतः दोन दिवसांत विसरले. मी नाही विसरलो. मी मनाशी म्हटलं, मानपान चुकवला ना, मग पोरीचं पहिलं बाळंतपण तरी नीट करू देत. विमा आहे असं कळलं तर म्हणतील, मग तुमच्याकडंच करा. म्हणून फॉर्म भरायचाच नाही.

एका टॉवेल-टोपीसाठी. हसू नका. किंवा हसा. मला स्वतःला अजून नीट विश्वास बसत नाही.

तिनं मला विचारलं त्या दिवशीही मी खरं बोलू शकलो असतो. खोटं बोललो आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप त्या कारकुनाकडं गेलो. तो म्हणाला, आता पॉलिसी नवी होईल तेव्हाच, साहेबसुद्धा काही करू शकत नाहीत. ती नवी होणार होती बाळंतपणानंतर. मग ती उन्हातान्हात वणवण करत राहिली आणि मी तिच्या शेजारी पिशवी धरून उभा राहत गेलो, चांगल्या नवऱ्यासारखा.

निरोप मिळाल्यावर दुपारी वैजापूरहून मामा आले. स्टँडवरून पायीच आले होते. कपड्यांवर धूळ, हातात सासूबाईंनी दिलेला डिंकाच्या लाडवांचा डबा. बाळंतपण व्हायच्या आधीच लाडू! मी उठलो तर त्यांनी डबा खाली ठेवला आणि माझ्यासमोर हात जोडले.

“पाव्हणं, लेकीचं पयलं बाळंतपण बापाच्या दारात व्हायला पायजे व्हतं. म्या कमी पडलो. तुमच्यावर भार आला. माफी करा.”

पन्नाशी उलटलेला माणूस. आयुष्यभर दुसऱ्यांचा माल जोखला, काट्यावर कधी बोट ठेवलं नाही, असं यार्डात सगळे म्हणायचे. तो माझ्यापुढं हात जोडून उभा. आणि मी काय केलं? त्यांचे हात खाली घेतले आणि म्हणालो, असू द्या मामा, वेळच तशी आहे, मी आहे ना.

मी आहे ना! हे मी म्हणालो. मोठ्या मनानं.

संध्याकाळी मुलगी झाली. जेमतेम दोन किलोची, पण खणखणीत रडली. वैशालीचं प्रेशर दोन दिवस झुंजवून मग उतरलं. ज्या सिस्टरचं नाव तिनं टँकरच्या रांगेत ऐकलं होतं, त्यांनीच तिला सोडवलं. त्या वॉर्डात तोंडानं फटकळ म्हणून ओळखल्या जायच्या, पण दोन्ही रात्री त्या तिच्या उशापासून हलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी वैशाली उठून बसली आणि शेजारच्या पलंगावरच्या करमाडच्या पोरीला सांगायला लागली, कुठला कागद कुठं लागतो आणि कुणाला भेटायचं. ती अजूनही सांगते. आमच्या भागात कुणाला दिवस गेले की पोरी आधी आमच्या दारी येतात. दर वेळी ती सुरुवात तशीच करते — “यांच्या कंपनीनं बायांची नावं घेतली नाय, म्हनून तर म्या शिकले.” मी आत असतो. ऐकतो. चहा ठेवतो.

मुलगी आता शाळेत जाते. कंपनीच्या कार्डावर तिचं नाव आहे, वैशालीचंही आहे. ‘नियम बदलला’ असं मी सांगितलं होतं. हे दुसरं खोटं.

मागच्या वर्षी मामा गेले. तोवर मी त्यांच्या घरी गेलो की आधी मला बसवायचे आणि मगच स्वतः टेकायचे. शेवटच्या आठवड्यात वैशाली त्यांच्यापाशी होती. दिवस झाले, पाहुणे पांगले, आणि वैजापूरच्या त्या ओट्यावर आम्ही दोघंच बसलो होतो, तेव्हा तिनं सांगितलं, शेवटी शेवटी ते माझ्याबद्दलच बोलत होते. “तुझा नवरा लई मोठ्या मनाचा,” म्हणाले, “म्या इतका कमी पडलो, पन एका शब्दानं बोलला नाय.”

मी मान खाली घातली. तिला वाटलं, मला रडू आलं. ती सरकून जवळ आली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. बाप तिचा गेला होता, आणि समजूत ती माझी घालत होती. मी घालू दिली.