सर्टिफिकेट पाइपचं नव्हतं

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी जळगावच्या औद्योगिक वसाहतीत पीव्हीसी पाइपच्या एका कारखान्यात क्वालिटीचं काम बघायचे. भुसावळहून सकाळच्या पॅसेंजरनं यायचं, संध्याकाळी परत जायचं. मालकांना सगळे नाना म्हणत. ते मूळचे धुळ्याकडचे. चिडले किंवा फार खूश झाले की अहिराणीत शिरत. धुळ्याला त्यांच्या धाकट्या भावाचं दुकान होतं, त्यांना सगळे भाऊ म्हणत. तिथे आमचे पाइप विकले जात, आणि जोडीला बाहेरून आणलेल्या मोटारी, व्हॉल्व्ह असं बागायतीचं सामान.

त्या वर्षांत आमच्याकडे ‘आयएसओ नऊ हजार’चं वारं आलं होतं. कारखान्यातलं काम ठरलेल्या पद्धतीनं चालतं, नोंदी राहतात, झालेली चूक पुन्हा होऊ नये म्हणून काही केलं जातं, हे सगळं तपासून बाहेरची संस्था सर्टिफिकेट द्यायची. शेजारच्या कारखान्याला ते मिळालं आणि त्यांनी गेटवर कमान उभारली. दुसऱ्याच दिवशी नानांनी मला बोलावून सांगितलं, आपल्यालाही पाहिजे.

त्या सर्टिफिकेटवर एक ओळ असते. कोणत्या कामाला आणि कोणत्या जागेला ते लागू आहे, हे त्या ओळीत लिहितात. आम्ही सगळे तिला ‘स्कोप’ म्हणायचो. अर्जात ती आपणच सुचवायची होती. नानांनी फेऱ्या मारत मारत मला सांगितली: शेतीसाठी लागणाऱ्या सर्व प्रकारच्या सिंचन साहित्याचं डिझाइन, उत्पादन, विक्री आणि सेवा. सांगून झाल्यावर त्यांनी ती मला पुन्हा वाचायला लावली, आणि खुशीत चहा मागवला.

तपासणीला पुण्याहून एक गृहस्थ आले. बोलणं हळू, शेवभाजीला घाबरणारे, पण कागदाला अजिबात न घाबरणारे. ओळ वाचून त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, तुम्ही डिझाइन कशाचं करता? नाना त्यांना आवारात घेऊन गेले आणि पाइपांची रास दाखवली. आमच्या पाइपचा निळसर करडा रंग ही नानांची स्वतःची कल्पना होती. बांधावरून बघूनच आपला पाइप ओळखू यावा म्हणून त्यांनी मिक्सरवर उभं राहून तो जमवला होता. गृहस्थ हसले नाहीत. त्यांनी मन लावून ऐकलं, आणि मग पाइपची जाडी, व्यास कोण ठरवतं ते विचारलं. ते सरकारी मानकात ठरलेलंच होतं. ‘डिझाइन’ गेलं. आम्ही फक्त पाइप करत होतो, म्हणून ‘सर्व प्रकारच्या’ गेलं. शेतात जाऊन दुरुस्ती करणारं कोणी नव्हतं, म्हणून ‘सेवा’ गेली. धुळ्याचं दुकान तपासायला त्यांना सांगितलंच नव्हतं, त्यामुळे तेही आत नव्हतं.

“एवढं कापलं तर राहिलं काय?” नानांनी विचारलं.

“जे आम्ही पाहिलं ते,” गृहस्थ म्हणाले. “आम्हालाही तपासणारी एक संस्था आहे. तिनं आम्हाला मान्यता दिली आहे, म्हणून आमच्या कागदाला किंमत. न पाहिलेलं लिहिलं तर वाचणारा फसतो.”

नाना जेवताना धुसफुसत राहिले. संध्याकाळपर्यंत मात्र सावरले, आणि पाहुण्यांना स्टेशनवर सोडायला स्वतः गेले.

सर्टिफिकेट आलं, पेढे वाटले, भाऊ त्याची झेरॉक्स धुळ्याला घेऊन गेले. पुढे महिन्याभरानं दुकानातला माल बघायला नाना मला जीपमधून घेऊन गेले. दुकानावर नवी पिवळी पाटी होती: ‘आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रप्राप्त. पाइप, मोटारी, व्हॉल्व्ह.’ नानांना ती लांबून आवडली. मी काही म्हणायच्या आत ते उतरून आत गेले.

आत एक शेतकरी मोटारीवर हात फिरवत उभे होते. त्यांची आधीची मोटार जळाली होती. पाटी वाचून ते मुद्दाम या दुकानात शिरले होते. नाना वयानं मोठे दिसले म्हणून त्यांनी नानांनाच विचारलं:

“बोर्डवर लिखेल शे. मंग हाई मोटर त्यामा ऊनी का नही?”

आलीच म्हणून समजा, असं भाऊ म्हणू लागले होते. नानांनी हातानंच त्यांना थांबवलं, चष्मा काढून पुसला, परत घातला.

“नही ऊनी,” ते म्हणाले. “सर्टिफिकेट जळगावना कारखानानं शे. मोटर आम्ही बाहेरथून लयेल शे.”

शेतकऱ्यानं थोडा विचार केला. बिघडली तर बघणार कोण, असं विचारलं. माझ्याकडे आणा, भाऊ म्हणाले. त्यांनी भाऊंकडून ते आणखी एकदा वदवून घेतलं आणि मोटार घेतली.

विक्री झाली तरी भाऊ रुसलेच. मागच्या गोदामात दोघा भावांची जुंपली, आणि मधली भिंत प्लायवूडची होती. सगळेच असं लिहितात, एवढं खोलात कोण वाचतं, असं भाऊंचं म्हणणं होतं. त्यावर नाना एवढंच म्हणाले, “तो वाचीसनच उना ना.”

नवी पाटी लिहायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं. मी मसुदा घेऊन नानांच्या घरी गेले. त्यांच्या पत्नी, आमच्या अक्का, भरताची वांगी भाजत होत्या. त्यांनी हात पुसून कागद घेतला. ‘उत्पादन व पुरवठ्याची व्यवस्थापन प्रणाली मान्यताप्राप्त संस्थेद्वारे प्रमाणित’ असं मी मोठ्या दिमाखात लिहिलं होतं.

“यात पाइप चांगला का वाईट, ते कुठे आहे?” अक्कांनी विचारलं.

हा कागद पाइपबद्दल बोलतच नाही, कामाच्या पद्धतीबद्दल बोलतो, मी सांगितलं. पाइपवर सरकारी मानकाचा शिक्का असतो, तो वेगळा.

“मग वेगळं आहे तर वेगळंच लिही ना. आणि एसटीच्या खिडकीतून वाचता येईल असं लिही.”

आम्ही दोघींनी तिथेच बसून खोडाखोड केली. एसटीच्या खिडकीतून वाचता येईल असं काही जमलं नाही, पण शेवटी उरलं ते असं: ‘पीव्हीसी पाइप बनवण्याची व पुरवण्याची आमच्या जळगाव कारखान्यातील कामाची पद्धत प्रमाणित आहे. पाइपवरील सरकारी शिक्का वेगळा, तो पाहून घ्या. मोटारी व व्हॉल्व्ह इतर कंपन्यांचे आहेत.’ मी ते पाटीच्या कच्च्या चित्रासकट पुण्याच्या गृहस्थांना फॅक्स केलं. त्यांचा फोन आला. वाक्यं त्यांना चालली. भाऊंनी त्या चित्राच्या कोपऱ्यात, मोटारीशेजारी, गृहस्थांच्या संस्थेचा गोल शिक्का काढला होता, तो तेवढा, मोटारीचा वाटेल म्हणून, पुसायला सांगितला.

पेंटर कुरकुरला, की एवढा मजकूर पाटीवर नाही, पुस्तकात लिहितात. भाऊ काही दिवस माझ्याशी तोडून बोलले. पण ती लांबलचक पाटी वाचायला माणसं थांबू लागली, आणि थांबलेली माणसं आत येऊन विचारू लागली. दिवाळीच्या सुमारास मी पुन्हा गेले, तेव्हा साक्रीकडचे दोन शेतकरी बाकावर बसले होते आणि भाऊ फरशीवर खडूनं मोठं वर्तुळ काढून त्यांना सर्टिफिकेटच्या आत काय, बाहेर काय, ते समजावत होते. मला बघूनही ते थांबले नाहीत. माझ्यासाठी चहा सांगितला आणि व्हॉल्व्ह वर्तुळाच्या बाहेर का, ते पहिल्यापासून सांगायला लागले.