बाथरूममधली हवा

बालीगंजमधला तो फ्लॅट दाखवताना घरमालकांनी आम्हाला सगळ्यात आधी बाथरूममध्ये नेलं होतं. नवऱ्याची बँकेतली बदली होऊन आम्ही नुकतेच कोलकात्यात आलो होतो. घरमालक निवृत्त गृहस्थ, बोलायला मृदू, पहिल्या भेटीतच मला 'बौदी', म्हणजे वहिनी, म्हणू लागलेले. पांढऱ्याशुभ्र टाइल्स, दिवे बसवलेलं फॉल्स सीलिंग, त्यात गोल एक्झॉस्ट पंखा आणि भिंतीवर गॅसचा गीझर. सगळं नवं करून घेतलंय, असं त्यांनी कौतुकाने सांगितलं. खिडकी नव्हती, पण पंखा होता.

त्या हिवाळ्यात माझी धाकटी नणंद आमच्याकडे राहायला आली. तिला सेक्टर फाइव्हमधल्या एका आयटी कंपनीत नोकरी लागली होती. नागपूरची धडधाकट मुलगी, कॉलेजात कबड्डी खेळलेली. आंघोळ करून आलं की डोकं जड होतं, असं ती अधूनमधून म्हणायची. हिवाळ्यात इथल्या धुरकट हवेने तसं होतंच, असं तिला ऑफिसात सगळ्यांनी सांगितलं होतं.

एका सकाळी नवरा ऑफिसला गेल्यावर ती केस धुवायला म्हणून बाथरूममध्ये गेली. नळ वाहतच राहिला. मी दार वाजवलं, हाका मारल्या. उत्तर नाही. समोरच्या फ्लॅटमधले प्राध्यापक माझा आवाज ऐकून धावत आले आणि त्यांनी खांद्याने धडका देऊन कडी तोडली. वाफेने भरलेल्या त्या खोलीत ती बादलीशेजारी पडली होती. गीझर चालूच होता. त्यांनी गॅस बंद केला, मी तिच्यावर चादर टाकली आणि दोघांनी तिला ओढत बाल्कनीत नेलं. बऱ्याच वेळाने तिने डोळे उघडले, ओकली, आणि मला विचारलं, "वहिनी, आज माझा ऑफिसचा पहिला दिवस ना?"

तिला नोकरीला लागून महिना उलटून गेला होता.

जवळच्या नर्सिंग होममध्ये एका तरुण डॉक्टरांनी तिच्या बोटाला चिमट्यासारखं यंत्र लावलं आणि ऑक्सिजन उत्तम असल्याचं सांगितलं. मग प्रश्न सुरू झाले. नाश्ता केला होता का, डाएटिंग करते का, लग्न झालंय का. नाही म्हटल्यावर ते माझ्याकडे वळले आणि तिच्यादेखत म्हणाले, आधी गरोदरपणाची तपासणी करून घेऊ. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. गॅसचा गीझर चालू असताना ती पडली, हे मी त्यांना पुन्हा पुन्हा सांगत होते. या वयातल्या मुली अशा चक्कर येऊन पडतातच, असं म्हणून ते कागदावर लिहीत राहिले. माझा आवाज चढला. तो ऐकून पलीकडच्या खाटेपाशी उभ्या असलेल्या एक वयस्कर डॉक्टरीणबाई आमच्याकडे आल्या.

त्यांनी एकच प्रश्न विचारला, "बाथरूमला खिडकी आहे?"

मी नाही म्हटलं. त्यांनी तिथल्या तिथे ऑक्सिजनचा मास्क लावायला लावला आणि रक्त तपासायला पाठवलं. कोंडलेल्या जागेत गॅस नीट जळत नाही, त्यातून विषारी वायू तयार होतो आणि त्याला वास नसतो, असं त्यांनी मला समजावलं. बोटाला लावायच्या यंत्राला तो वायू आणि ऑक्सिजन यांतला फरक कळत नाही, हे त्या तरुण डॉक्टरांना ऐकू जाईल अशा बेताने सांगितलं. रक्ताच्या तपासणीत तेच निघालं.

तिला घरी आणलं, तोवर बिल्डिंगमध्ये कुजबुज पसरली होती. लिफ्टमध्ये दोघी बायकांनी तिच्या पोटाकडे पाहिलं. संध्याकाळी घरमालक संदेश मिठाईचा डबा घेऊन आले. मुलगी जरा नाजूक दिसते, म्हणाले. आधीचे भाडेकरू इतकी वर्षं राहिले, कुणाला काही झालं नाही.

"हा पंखा हवा कुठे टाकतो?" मी विचारलं.

"बाहेर."

मी त्यांना बाथरूममध्ये नेलं. स्टुलावर चढून स्क्रूड्रायव्हरने सीलिंगची एक पट्टी काढली. वर जुना झरोका होता, विटा-सिमेंटने पक्का बुजवलेला. पंखा इतके दिवस सीलिंगच्या वरच्या पोकळीतच हवा फिरवत होता.

त्यांनी वर पाहिलं. मग म्हणाले, "कबुतरं यायची, बौदी."

आजही ते वाक्य आठवलं की माझी कानशिलं तापतात. कबुतरांसाठी जाळी मिळते. यांना जाळी दिसायला नको होती, भिंत गुळगुळीत हवी होती. आणि आमची मुलगी त्यात मरता मरता वाचली, तर ती नाजूक!

मी गीझरचा सिलिंडर काढून बाल्कनीत ठेवला आणि पाणी स्वयंपाकघरातल्या शेगडीवर तापवायला लागले. झरोका उघडा, गीझर बाहेर बसवा, असं त्यांना सांगितलं. बाहेरून नुकताच रंग दिलाय, कमिटी भिंत फोडू देणार नाही, असं उत्तर आलं. नवरा म्हणाला, दुसऱ्याचं घर आहे, सबुरीने घे.

"घर दुसऱ्याचं आहे," मी म्हटलं, "बहीण तुझी आहे."

त्यानंतर तो स्वतः कमिटीकडे खेटे घालू लागला. काही झालं नाही. शेवटी आम्ही दुसरीकडे जागा बघितली. सामान बांधत होतो तेव्हाच घरमालक एका तरुण जोडप्याला फ्लॅट दाखवायला घेऊन आले. बाईच्या कडेवर तान्हं बाळ होतं. बाथरूमपासूनच सुरुवात झाली. मी त्यांच्यामागून आत गेले, ती पट्टी पुन्हा काढली आणि काय घडलं ते सगळं सांगितलं. घरमालकांचा चेहरा उतरला. झरोका तर आता उघडणारच आहोत, असं ते घाईघाईने म्हणाले.

आणि खरंच उघडला. आम्ही गेल्यानंतर प्राध्यापकांनी फोन करून कळवलं: झरोक्याला जाळी बसली, गीझर बाल्कनीत गेला, भिंतीतून गरम पाण्याची नळी आत आली. एका दुपारचं काम. मला बरं वाटायला हवं होतं. उलट संताप आला. जे आमच्यासाठी अशक्य होतं, ते भाडेकरू हातचा जाईल म्हटल्यावर लगेच जमलं, आणि माफीचा एक शब्दही आमच्यापर्यंत आला नाही.

नणंदेचा विसराळूपणा हळूहळू गेला, ती पुन्हा नोकरीवर जाऊ लागली होती. तिला मी फोनचं सांगितलं, तेव्हा ती केस विंचरत होती.

"त्या बाळासाठी बरं झालं," एवढंच ती म्हणाली.

माझं मन तितकं मोठं नाही.