सळईवरचं पाणी

चूक माझी होती आणि बोल वहिनीला लागला. नळाखालच्या ओल्या मातीचा वास आला की अजून मान खाली जाते. अकोल्याच्या घरी आमचा रेडिओ वैशाखात खरखरू लागला. वहिनीचा भाऊ सरहद्दीवर होता, ती एकदाही बातम्या चुकवत नसे. रेडिओची अर्थिंगची, म्हणजे जमिनीत जाणारी तार अंगणात पुरलेल्या सळईला जोडली होती आणि मिस्त्रीनं सांगितल्याप्रमाणे माती ओली राहावी म्हणून वहिनी तिथं रोज तांब्याभर पाणी ओतायची. मी नुकताच रेडिओचं काम शिकलो होतो. सगळ्यांदेखत म्हणालो, “तुमच्या पाण्यानंच बिघडला हा.” ती एवढंच म्हणाली, “मंग नाही टाकत, भाऊजी. पण बातम्या कवा आयकू येतीन?” आठ दिवस मी रेडिओतले काचेचे व्हॉल्व्ह बदलत बसलो, ती शेजारच्यांच्या खिडकीखाली उभी राहून बातम्या ऐकत राहिली. शेवटी सळईभोवतीची जमीन भेगाळलेली दिसली; कोरड्या मातीत अर्थिंग लागत नाही, वैशाखात तांब्याभर पाणी पुरत नव्हतं आणि तेही मी बंद पाडलं होतं. घागरभर पाणी ओतलं आणि आवाज स्वच्छ आला. घरात मात्र नवा व्हॉल्व्ह बसवल्याचं सांगून मी शाबासकी घेतली. परवा, इतक्या वर्षांनी, तिच्याजवळ बसून म्हणालो, “वहिनी, रेडिओ तुमच्या पाण्यानंच चालत होता. मी खोटं बोललो. मले माफ करा.”