चाखून दिलेला खर्रा

दारव्ह्याच्या बसस्टँडसमोर त्याचा पानठेला आहे. सुपारी, चुना आणि सुगंधी तंबाखू प्लॅस्टिकच्या पन्नीत घालून तो खर्रा घोटतो, आणि हात चालतो त्याच लयीत बोलतो. चिमूटभर स्वतःच्या गालात धरून पाहिल्याशिवाय पुडी गिऱ्हाइकाला देत नाही. "कच्चा माल कोनाले देत नाही आपन."

कागदावर आधीच बंदी असलेली सुगंधी तंबाखू आता गावात खरंच बंद होणार, अशी बातमी आली. ठेलेवाल्यांनी नगरपालिकेत बोलायला त्यालाच पुढे केलं. त्याचं रोजचं गिऱ्हाईक म्हणून मीही सोबत गेलो. ओठ फारसे न हलवता, पण ठाम बोलला तो. "साहेब, लोकं खर्ऱ्यासाठीच ठेल्यावर येते. तोच बंद झाला तं आमचे लेकरं काय खातीन?"

मला पटलं. माझ्याही खिशात त्याचीच पुडी होती.

बाहेर आल्यावर मी दोघांसाठी आलुबोंडे घेतले. माझा संपला तरी त्याचा हातातच होता. तो बोंड्याचे बारीक तुकडे करत होता आणि एकेक तुकडा बोटाने, जेमतेम बोटभर उघडणाऱ्या दातांच्या फटीतून आत सारत होता. मी बघतोय हे त्याच्या लक्षात आलं.

"गरम हाये जरा," तो म्हणाला.

बोंडे सकाळचे होते, पार गार झालेले.