येतील म्हणून लिही

मी गावातल्या दूध सोसायटीचा सचिव होतो तेव्हाची गोष्ट. माझी मुलगी युक्रेनमध्ये डॉक्टरकी शिकत होती. लढाई सुरू झाली तेव्हा घरमालकीणबाईंबरोबर ती नऊ दिवस तळघरात राहिली आणि मग सीमा ओलांडून कशीबशी घरी आली. बाई सत्तरीच्या, एकट्या. त्या तिथंच राहिल्या.

डेअरीत सकाळी दूध घालायला आलेली माणसं मुलीची चौकशी करायची, आणि तिथूनच वाद पेटायचा. दुसऱ्या देशांनी फौजा घेऊन मधे पडावं का? फौजेतून निवृत्त झालेले एक सुभेदार आमच्याकडं दुधाचं फॅट तपासायचे. ते एवढंच म्हणाले, "ज्यानं चढाई केली त्याच्याकडं अणुबाँब हाय. बोलायला लई सोपं वाटतं."

"मंग बाँब हाय म्हणून कुणाच्याबी घरात घुसायचं का?" एकजण तापला.

मी माप बाजूला ठेवून मोठ्यानं म्हणालो, "एका देशापायी सगळी दुनिया जाळायची का? कुणीच जाऊ नये." माणसांनी माना डोलावल्या. मलाही बरं वाटलं.

त्याच दुपारी मुलगी मोबाईल घेऊन ऑफिसात आली.

"अण्णा, बाईंचा मेसेज आलाय. दुसऱ्या देशांची विमानं येणार का, तुमच्या टीव्हीवर काय सांगतात, असं विचारतायत. काय लिहू?"

त्या तळघरात बाईंनी स्वतःच्या वाटणीचा पाव माझ्या लेकीला दिला होता. त्यांना "न्हाई" कसं कळवायचं?

"लिही, येतील म्हणून."

"खरंच येतील?"

"तू लिही."

तिनं लिहिलं. तासाभरानं ती पळतच परत आली. घाईत तिनं मेसेजच्या वरच्या दोनच ओळी वाचल्या होत्या. खाली होतं : भाच्याची गाडी आत्ता निघतेय, विमानं येणार असतील तर मी घर सोडत नाही.

आम्ही लगेच लिहिलं, थांबू नका, निघा. तो मेसेज पोचलाच नाही. त्यानंतर किती लिहिले, एकही पोचला नाही.

पुढच्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला. सोसायटीनं माळावर जनावरांची छावणी उघडली. भर उन्हात गुरं माना टाकून उभी असायची. मला मधेच ती गाडी दिसायची, न पाहिलेली, दारात इंजिन चालू असलेली. एका दुपारी सुभेदारांना सगळं सांगून टाकलं.

त्यांनी हातातली कडब्याची पेंढी गुरांपुढं टाकली.

"डेअरीत तुमी बोलला व्हता ते मला आजबी पटतं," ते म्हणाले. "कुणी जायला नको व्हतं. पन मंग बाईला तेच सांगायचं. कुणी येत न्हाई म्हणल्यावर मानूस आपल्या पायानं निघतंय तरी."

मी उठून पाण्याच्या टँकरकडं गेलो.

मुलगी दुसऱ्या देशात शिकून डॉक्टर झाली. मला तिनं कधी बोल लावला नाही. गेल्या दिवाळीला ती घरी आली, तेव्हा धीर करून विचारलं, "बाई निघाल्या असतील का गं?"

ती बॅग भरत होती. कपड्यांची घडी मोडून तिनं पुन्हा घातली.

"निघाल्या असतील, अण्णा," ती म्हणाली. माझ्याकडं तिनं बघितलं नाही.