मरी आई की मेरी आई?

वसंता गेल्याचं कळलं तेव्हा मी गिरगावात आमच्या वाडीच्या नळाला बादली लावून उभा होतो. त्याची बहीण कुसुम लालबागहून बसने आली, "दादा गेला" एवढंच म्हणाली, आणि बादली भरून वाहू लागली तरी नळ बंद करायचं आम्हा दोघांनाही सुचलं नाही. ऐन पस्तिशीतला माणूस, चार दिवसांचा ताप काय येतो आणि... मला अजून मेळ लागत नाही. खरं तर वसंताच्या कुठल्याच गोष्टीचा मला मेळ लागला नाही, त्याच्या कादंबरीचा तर नाहीच नाही.

ती त्याने लिहिली तेव्हा भिंतीभिंतीवर 'मुंबई आमची' रंगवलेलं असायचं. मोर्च्यात आम्ही घसा बसेपर्यंत ओरडायचो, वसंताही ओरडायचा. आणि घरी येऊन लिहायचा काय, तर शहरातल्या सगळ्या देव्यांनी एकाच चाळीत बिऱ्हाडं केलीत, पाण्यावरून भांडतायत, आणि प्रत्येकीची भाषा निराळी! 'मुंबई'ची त्याने फोड केली होती: इंग्रजांची मम, गुजरात्यांची बा आणि आपली आई. मी म्हटलं, अरे, ह्या दिवसांत मध्ये 'बा' कशाला घुसवतोस, लोक मारतील. तर म्हणाला, बा काढून म्हणून बघ. मी म्हणून बघितलं. ममआई... डोक्यात काही प्रकाश पडला नाही.

कादंबरीच्या शेवटी गिरणीच्या दारात आईची वाट बघणारं पोर दोनच शब्द बोलतं. छापून आलं, 'मरी आई'. चाळीतल्यांना वाटलं, पोराने पटकीच्या देवीला, मरीआईला हाक मारली. खालच्या दूधवाल्या भय्याने हिंदीत वाचलं, आई मेली. दादरचे एक प्राध्यापक म्हणाले, मात्रा पडलीय, ते 'मेरी आई' आहे, आणि त्यात वांद्र्याची मेरीसुद्धा आहे. वसंताला विचारलं तर माझ्याच बशीतला चहा पीत म्हणाला, "तुला कसं ऐकू आलं?"

आता तो गेल्यावर प्रकाशकाला दुसरी आवृत्ती काढायची जाग आली. हस्तलिखित छापखान्यातच हरवलं होतं, पण पहिली मुद्रितं मी तपासली होती, म्हणून शेवटी काय आहे ते आईला सांगायला कुसुम मलाच घरी घेऊन गेली. त्यांच्या आईने, आमच्या काकींनी, गिरणीत राबून ह्या दोघांना वाढवलं. मुलाने तुम्हाला पुस्तकात मारलं, असं कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं. जिन्यातच कुसुम म्हणाली, "भाऊ, तिला 'मेरी'च सांगा."

काकी वसंताच्या टेबलापाशी बसल्या होत्या. "माझ्या झिलान शेवटाक काय लिवल्यान?"

"मेरी आई, काकी. म्हणजे माझी आई."

त्यांना हायसं वाटेल, असा माझा अंदाज. काकींचा चेहरा पडला.

"मरीआय न्हय?"

मी मानेनेच नाही म्हटलं.

"ल्हान आसताना तेका पटकी झाली, तेव्हा मरीआयेक गाऱ्हाणा घातलेलंय. झिलाक ठेव, माका ने. माका वाटला, तां तेका म्हायत होता..."

कुसुम माझ्याकडे बघत राहिली. हे तिलाही नवीन होतं. वसंताला खरंच ठाऊक होतं का? की छापखान्यात शिशाचे खिळे जुळवताना नुसती मात्राच पडली? आता कुणाला विचारणार?

"परत वाच," काकी म्हणाल्या.

मी पुस्तक उघडलं आणि छापलं होतं तेच वाचलं. काकींनी हात जोडले. ते देवीला की वसंताला, मला कळलं नाही.