होडीला पाणी घालणारे नाझर

आमच्या तालुक्याच्या कोर्टात न्याय कोण देतं असं विचारलं तर कुणीही न्यायाधीशांकडे बोट दाखवील. पण ते कोर्ट चालवत होते आमचे नाझर, याबद्दल माझ्या मनात तरी शंका नाही. न्यायाधीश बसतात ती खुर्ची, त्यांच्या डोक्यावरचा पंखा, निकाल छापायचा कागद, समन्स घेऊन गावोगाव फिरणारे बेलीफ आणि मी मारते तो झाडू, हे सगळं नाझरांच्या ताब्यात. "खुर्चीचा पाय मोडला तर न्याय उभ्याने द्यावा लागेल," असं ते म्हणत आणि रोज कोर्ट भरण्याआधी ती खुर्ची दोन्ही हातांनी दाबून बघत. तिच्यावर बसून बघणं सोपं होतं, पण बसायचा त्यांना अधिकार नव्हता.

ते घाटावरचे, जतकडचे. मासे खात नसत, समुद्राला घाबरत. बदली होऊन इथे आले तेव्हा कोर्टाच्या प्रत्येक वस्तूवर त्यांनी पांढऱ्या रंगाने नंबर घातले. कपाटावर नंबर, घागरीवर नंबर, माझ्या झाडूच्या मुठीवरही नंबर. नवा झाडू हवा असेल तर जुना घेऊन जावं लागे. तो हातात घेऊन, उलटासुलटा करून, ते हळूच विचारत, "कसा गेला?" जणू घरातलंच कुणी माणूस गेलं होतं. वसुलीच्या दाव्यात जप्त होऊन आलेल्या वस्तूंना तर ते पाहुणे म्हणत. एक शिलाई मशीन बरीच वर्षं कोपऱ्यात होतं. दर शनिवारी नाझर स्टुलावर बसून, दोरा न ओवता, थोडा वेळ त्याची पायपट्टी हलवत. बेलीफ हसायचे. "साहेबांनू, माका एक पायजमो शिवा!" नाझर रागावत नसत. "जसं आलं तसं जायला हवं," एवढंच म्हणत.

समन्स बजावण्यातही त्यांची एक रीत होती. मसुऱ्याकडच्या निम्म्या दाव्यांतली माणसं मुंबईला. घराला कुलूप, शेजारी म्हणणार, "माका म्हायत नाय." नाझरांनी एका वर्षात ओळखलं की भराडीदेवीच्या जत्रेला झाडून सगळे येतात. मग जत्रेच्या दिवशी बेलिफाला एसटीत बसवून देत आणि खिडकीतून बजावत, "देवीच्या रांगेत कुणाला गाठायचं नाही. दर्शन होऊ दे, घरी न्यायला गोड खाजं घेऊ दे, मग द्या." एकाने तर सही करून बेलिफाच्याच हातावर खाजं ठेवलं. पक्षकाराचं काही घ्यायचं नाही म्हणून त्या बिचाऱ्याने ते परत केलं, आणि नाझरांनी पदरच्या पैशाने त्याच्यासाठी दुसरं आणवलं.

अशा माणसाच्या ताब्यात एक दिवस होडी आली.

तोंडवळीच्या दोन भावांचा वाद होता. थोरला बाबू, धाकटा दाजी. बाप गेला आणि होडी कुणाची यावरून दोघांनी वल्ही उगारली. निकाल लागेपर्यंत होडी नाझरांच्या ताब्यात ठेवा, असा हुकूम झाला. टेम्पोतून ती आली आणि आमच्या आवारातल्या फणसाखाली लाकडांवर टेकली. दाजीला हॉटेलात नोकरी होती. बाबूला मात्र समुद्राशिवाय काही येत नव्हतं. तो दुसऱ्याच्या जाळ्यावर जायचा, आणि तारखेला आला की वकिलाला भेटण्याआधी होडीला भेटायचा. फळ्यांच्या सांध्यांवरून अंगठा फिरवायचा. एकदा मला म्हणाला, "सुकली तर उकलतली गो बाय. मगे निकाल घेव्न काय चुलीत घालू?"

मी फारशी कुणाशी बोलत नाही, पण हे मी नाझरांना सांगितलं. त्यांची झोप उडाली. होडीला तेल आणि वर सावलीला माडाच्या झावळ्यांचे झाप हवेत म्हणून त्यांनी वरच्या कार्यालयाला लिहिलं. उत्तर आलं, खर्च कोणत्या सदराखाली टाकायचा? खुर्चीला सदर होतं, पंख्याला होतं, बागेला होतं, होडीला नव्हतं. बाग म्हणजे आमच्याकडे जास्वंदीची दोन झाडं. नाझर दुपारभर त्यांच्याकडे बघत बसले. मग मला म्हणाले, "बाई, आजपासून बाग मोठी झाली असं समजा." आणि रबरी नळी उचलून त्यांनी होडीत पाणी सोडलं.

आवारात हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली. "साहेबांनू, होडी पाण्यात घालतत, पाणी होडयेत नाय!"

"आमच्याकडे बैलगाडीचं चाक खिळखिळं झालं की ओढ्यात घालून ठेवतात," नाझर म्हणाले. "लाकूड ते लाकूड."

पुढच्या तारखेला भाऊ आले. दाजी ओरडत धावला, "आमच्या बापाशीची होडी ही! तुमची बैलगाडी नाय!" बाबू मात्र वाकून सांधे बघत होता. बऱ्याच वेळाने, दाजीकडे न बघता, पण दाजीलाच म्हणाला, "तेंका सांग, ह्या बरा केलां. पण इतक्या भरू नको. जमनीर वजनान बूड फुटात. बापूस काय करी? ओली गोणपाटां."

 दाजी नाझरांकडे वळून म्हणाला, "ओली गोणपाटां घाला म्हणता तो."

बापाच्या दिवसकार्यानंतर भावाचं बोलणं भावाने ऐकलं ते तेव्हा पहिल्यांदा.

त्यानंतर मी रोज जास्वंदीला पाणी घालून गोणपाटं भिजवायची. नंबर घालायचा राहिला होता. ब्रश घेऊन नाझर होडीभोवती फिरले आणि मला विचारलं, "भरली होडी पाण्यात कुठपर्यंत बुडते?" मी हाताने दाखवलं. त्याच्या चार बोटं वर त्यांनी नंबर घातला. पुन्हा हशा पिकला.

आणि मग नाझरांची बदली झाली. नव्या नाझरांना ताबा देताना ते एकेका वस्तूजवळ थांबले. ही खुर्ची डावीकडे कलते, हे मशीन शनिवारी चालवावं. नवे साहेब घड्याळ बघत होते. होडीजवळ आल्यावर आमचे नाझर माझ्याकडे वळले. नळी उचलून त्यांनी माझ्या हातात दिली. "बाई, हिला उन्हाळा सोसत नाही." एवढंच. संध्याकाळच्या गाडीने गेले. नव्या साहेबांनी मला एकदाच विचारलं की होडीवर पाणी कशाला. मी म्हटलं, "बाग आहे." त्यांनी वर बघितलं नाही.

शेवटी भावांनी तडजोड केली. होडी बाबूला, घरालगतचा माड आणि जागा दाजीला. टेम्पोत होडी चढवायला दाजीही आला. बाबू म्हणाला, "बाय, तू पण चल. पाणी तुयां घातलंस." मी नको नको म्हणत गेले.

तोंडवळीच्या किनाऱ्यावर होडी पाण्यात ढकलली. लाट आली, ती वर उचलली गेली. बाबू आत उडी मारून उकिडवा बसला, तळाच्या फळीवर हात फिरवला, पुन्हा फिरवला.  मग त्याने पालथा हात कपाळाला लावला. "सुकी आसा रे दाजी! थेंब नाय!"

दाजी कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. त्याने विचारलं, "ते नाझर खंय आसत आता?"

"घाटार," मी म्हटलं.

बाबूने नंबर पुसला नाही. होडी जाळी आणि माणसांनी भरली, बुडायची तेवढी बुडली. समुद्राला घाबरणाऱ्या माणसाने घातलेले ते पांढरे आकडे पाण्याच्या चार बोटं वर कोरडे राहिले. माझी शाळा चौथीत सुटली, पण आकडे वाचता येतात. होडी दूर जाईपर्यंत मी ते वाचत उभी होते.